ग्राफिक्स कार्ड आधी की नंतर? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, सडेतोड लिहिलंत ते बरं केलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "व्हिडिओ एडिटिंगचा स्वस्त पीसी सांगताना तुम्ही ग्राफिक्स कार्डच गाळलंत आणि ते पैसे रॅम, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), यूपीएसवर घालायला लावलेत. जळगावच्या गोलाणी मार्केटात तेवढ्याच पैशात एफवाला आय-फाइव्ह प्रोसेसर आणि वर कार्ड बसतं. ही नवख्या पोरांची दिशाभूल आहे." दिशाभूल हा शब्द मला लागला. आपल्याकडे लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करून घर चालवणाऱ्या पोरांसाठीच तो लेख लिहिला होता. त्यामुळे दोन ओळींत उत्तर उरकत नाही.

गेल्या आखाजीच्या आधी अमळनेरचा माझा आतेभाऊ नवा पीसी गाडीत टाकून माझ्याकडे आला. तुम्ही सांगता अगदी तसाच: इंटेलचा आय-फाइव्ह 12400एफ प्रोसेसर, एनव्हिडियाचं आरटीएक्स 3050 कार्ड, आणि 16 जीबीची एकच रॅम. शूटिंग सोनीवर, एचईव्हीसी (म्हणजे एच.265, व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), 10-बिट 4:2:2 (रंगाची जास्त माहिती ठेवणारं). हळदीची क्लिप टाइमलाइनवर टाकली की चित्र जरा चालायचं आणि थबकायचं. डीजेचा आवाज पुढे निघून जायचा आणि नवरीच्या गालाकडे निघालेला हात मध्येच अडकलेला असायचा. टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर 100 टक्क्यांवर, आणि कार्डाच्या 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख तळाला सपाट.

कारण साधं आहे. एनव्हिडियाच्या 50 मालिकेच्या आधीची कार्डं 4:2:2 फुटेज डिकोडच करत नाहीत, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडत नाहीत. 12400 च्या पोटात जे यूएचडी 730 ग्राफिक्स असतं, ते 10-बिट 4:2:2 एचईव्हीसी सहज उलगडतं. यालाच क्विक सिंक म्हणतात. आणि 'एफ' म्हणजे नेमकं तेच ग्राफिक्स बंद केलेला प्रोसेसर! आम्ही एफ काढून साधा 12400 बसवला आणि कार्ड असतानाही आतलं ग्राफिक्स चालू राहील अशी बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सोय केली. तीच हळद प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये न अडखळता चालली. एडियस या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणारे आपल्याकडे अजून भरपूर आहेत, आणि क्विक सिंकचा आधार एडियस कित्येक वर्षांपासून घेत आलंय. मात्र सोनी कॅमेऱ्यात रेकॉर्डिंगचा फॉरमॅट एक्सएव्हीसी एस ठेवून 4:2:2 घेतलंत, तर ते एच.264 असतं आणि तिथे हा प्रोसेसरही हात टेकतो. एक्सएव्हीसी एचएस (म्हणजे एचईव्हीसी) ठेवा, नाहीतर प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी प्रत बनवा.

रॅम 32 जीबी सांगितली ती 16 च्या दोन. आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी आणत नाही, रॅममधूनच घेतं. एकाच रॅमवर त्याची वाट निम्मी होते.

आता एसएमपीएस. यावर मी कुणाचंही ऐकणार नाही. माझी खोली पत्र्याची, वरच्या मजल्यावर. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 ला टेकतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. माझ्या पहिल्या पीसीत कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस होता, वर 450 वॅट छापलेलं. रात्री लग्नाचा पूर्ण व्हिडिओ एक्स्पोर्टला लावून झोपलो आणि पहाटे उठलो तर पीसी बंद. फाइल अर्धवट, उघडेच ना. सकाळी मुलीचे वडील पेनड्राइव्ह न्यायला दारात उभे होते. त्यांच्यासमोर काय बोलावं ते मला आजही सुचत नाही. म्हणून नावाजलेल्या कंपनीचा, 80 प्लसवाला (कमी वीज वाया घालवण्याचं प्रमाणपत्र असलेला) एसएमपीएस घ्याच. यूपीएस 600 व्हीएचा म्हणजे साधारण 360 वॅटचा असतो. लाइट गेल्यावर सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता तो पुरतो, आणि गावाकडे तेवढं हवंच.

स्टोरेजबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी हिशोब सांगतो. 100 मेगाबिटचं शूटिंग तासाला 45 जीबी खातं. दोन कॅमेरे सहा-सहा तास चालले की 540 जीबी. 500 जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) एका लग्नातच भरते. 1 टीबी घ्या आणि झालेली कामं हार्ड डिस्कवर टाका.

एक गोष्ट मात्र तुमची खरी. दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये कलर ग्रेडिंग, नॉइज रिडक्शन, फ्यूजनचे इफेक्ट यांचा सगळा भार कार्डावर पडतो. तिथे कार्डाशिवाय बसणं म्हणजे छळ आहे, आणि कार्डही किमान 8 जीबीचं पाहिजे. हे मी लेखात वेगळं सांगायला हवं होतं, ते राहिलं. आज रात्री रिझॉल्व्हवाल्यांसाठी वेगळा परिच्छेद जोडतो. त्यांनीही प्रोसेसर मात्र बिनएफचाच घ्यावा.

तुमचा कॅमेरा कोणता आणि सॉफ्टवेअर कोणतं, ते प्रतिक्रियेत आलं नाही. कळवा, आणि जमलं तर एक मिनिटाची मूळ क्लिपही पाठवा. माझ्याकडे कार्ड काढून आणि कार्ड लावून, दोन्ही तऱ्हेने चालवतो आणि टास्क मॅनेजरचे फोटो इथेच टाकतो.