एक राजा, एक भाषा म्हणून ‘कॅन्झुक’ सहज जमेल?

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटन यांनी ‘कॅन्झुक’ नावाचा सैल संघ करावा, अशी एक पोस्ट बरीच फिरते आहे. राजा एक, भाषा एक, कायद्याची परंपरा एक. त्यामुळे मुक्त संचार, व्यापार आणि संरक्षण सहज जुळेल, असा तिचा दावा. तो मला अजिबात पटत नाही.

राजा एक असला तरी १९३१च्या वेस्टमिन्स्टर कायद्यापासून तो ओटावात कॅनडाच्या मंत्र्यांच्या सल्ल्याने चालतो, लंडनच्या नव्हे. भाषेचा दाखला कॅनडाच्याच फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांतात देऊन बघा. १९९५च्या सार्वमतात तिथल्या ४९ टक्क्यांहून जास्त मतदारांनी वेगळं होण्याच्या बाजूने कौल दिला होता.

मुक्त संचारासाठी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या, एकमेकांकडे जाऊन राहण्या-काम करण्याच्या १९७३च्या व्यवस्थेचा दाखला दिला जातो. दाखला चांगला आहे, म्हणूनच तो पुरता वाचायला हवा. २००१मध्ये ऑस्ट्रेलियाने नियम बदलले. नंतर आलेले न्यूझीलंडचे लोक तिथे राबत होते, कर भरत होते, पण कायमचा व्हिसा नसल्यामुळे बेकारी भत्त्यासारख्या बऱ्याच सवलतींना मुकत होते. २०१४नंतर वर्षभराची कैद झालेल्यांचे व्हिसा सक्तीने रद्द होऊ लागले. लहानपणीच ऑस्ट्रेलियात आलेल्यांनाही परत धाडलं गेलं. चार वर्षं राहिलेल्यांना थेट नागरिकत्वासाठी अर्ज करता येऊ लागला तो १ जुलै २०२३पासून. इतक्या जवळच्या दोन शेजाऱ्यांना पन्नास वर्षं लागली! वस्तीला आलेल्या माणसाचे हक्क काय, यावर पोस्टमध्ये एक ओळ नाही.

व्यापाराचं म्हणाल, तर १९७३मध्ये ब्रिटन युरोपीय सामायिक बाजारपेठेत सामील झाला आणि न्यूझीलंडच्या लोण्याला, मटणाला नवी गिऱ्हाइकं शोधावी लागली. आज त्या देशाचा आणि ऑस्ट्रेलियाचाही सर्वांत मोठा ग्राहक चीन आहे. कॅनडा तर पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः अमेरिकेलाच माल विकत आला आहे. ब्रिटन-कॅनडा कराराची बोलणी जानेवारी २०२४मध्ये चीज आणि गोमांसावरून थांबली. एक राजा तिथे कुणाच्याच कामी आला नाही.

संरक्षणात २०२१चा ‘ऑकस’ करार बघा. त्यात ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनसोबत अमेरिका आहे, कॅनडा आणि न्यूझीलंड नाहीत. अणुऊर्जेवर चालणाऱ्या पाणबुड्यांना न्यूझीलंडच्या अंतर्गत सागरी हद्दीत १९८७च्या कायद्याने बंदी आहे.

मला सर्वांत खुपतो तो या चार देशांसाठी वापरलेला ‘नैसर्गिक कुटुंब’ हा शब्द. बहामाची भाषा इंग्रजी, राजा चार्ल्स, कायद्याची परंपरा ब्रिटिश. मग तो देश यादीत का नाही? १९४८च्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या नागरिकांना ब्रिटनमध्ये येऊन राहता येत होतं. ते दार १९६२मध्ये आवळलं गेलं, आणि त्याचा फटका मुख्यतः कॅरिबियन बेटांना आणि भारत-पाकिस्तानला बसला. ही पोस्ट उत्साहाने पुढे पाठवणाऱ्या परदेशस्थ मराठी मंडळींनी एवढं तरी पाहावं: न्यूझीलंडमध्ये कायमचा परवाना असला, तरी भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियात जायला आजही आधी व्हिसा काढावा लागतो.