भाकरीनं गुणसूत्र तुटत नाही

मागच्या मंगळवारी रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला बोलताच येईना, नुसती रडत होती. तिच्या सासूच्या मोबाईलवर भजनी मंडळाच्या ग्रुपमधून एक मेसेज आला होता आणि जवायानं तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला होता. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज आमच्या शाळेच्या पालक ग्रुपवर आला, म्हणून हे लिहितो.

मेसेज थोडक्यात असा: अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं की अनोळखी माणसाच्याही गळ्यात पडणारी मुलं आणि कुत्री यांचं जीन एकच असतं. पोटुशी बाईनं कुत्र्याला जवळ केलं की ते बाळात उतरतं. अशी मुलं देवाघरची, सदा सुखी, त्यांना काही आजार नसतो, दवाखाना नको, कॅल्शियमचं टॉनिक द्या. आणि गावठी कुत्र्यात हे जीन नसतं, तो लांडगाच, त्याला घरात ठेवू नका.

भाचा सहा वर्षांचा आहे. त्याला विल्यम्स सिंड्रोम हा जन्मजात आजार आहे. आठवडी बाजारात तो कांदेवाल्याचा हात धरतो आणि विचारतो, "तुमचं नाव काय? जेवले का?" एसटीच्या कंडक्टरला मिठी मारतो. मेसेज वाचून झाल्यावर सासू बहिणीला म्हणाली, "तू पोटुशी होती तवा रोज त्या काळूले भाकर टाके. मंग?"

त्या "मंग?"चं उत्तर आधी देतो.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या, म्हणजे आईबापाचे गुण वाहून आणणाऱ्या धाग्यांच्या, २३ जोड्या असतात. विल्यम्स सिंड्रोममध्ये सातव्या जोडीतल्या एका गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असतो, साधारण २६ ते २८ जनुकांचा (मेसेजमधलं जीन म्हणजे हेच जनुक). तो गळतो स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना. त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकसारखे भाग असतात, जोडी जुळताना ते चुकीच्या ठिकाणी जुळतात आणि मधला भाग सुटतो. म्हणजे गर्भ राहायच्या आधीच हे होऊन गेलेलं असतं. काळूला भाकर टाकली तेव्हा पोटातल्या बाळाच्या पेशीपेशीत ते ठरलेलं होतं. आणि ही चूक आईच्या बीजात होते तेवढीच बापाच्या बीजातही होते. सासूच्या लेकाकडूनही ते आलेलं असू शकतं. त्यात त्याचाही दोष नाही. साधारण ७,५०० ते २०,००० बाळांत एकाला हे होतं, कुत्रं पाळणाऱ्यांच्या घरी होतं आणि न पाळणाऱ्यांच्याही. कुत्र्याला हात लावल्यानं, त्याच्या लाळेनं, त्याला भाकर दिल्यानं एकही जनुक माणसात येत नाही. आणि इथं तर काही आलेलंच नाही, उलट गेलेलं आहे.

सहा वर्षं रात्री-बेरात्री लेकराला छातीशी धरून बसलेल्या बाईला "तुझ्यामुळं झालं" म्हणायला लावणारा हा मेसेज आहे. हे मला सहन होत नाही.

आता जे अर्धं खरं आहे ते मान्य करतो. अभ्यास खरंच झाला आहे. २०१७ साली सायन्स ॲडव्हान्सेस या नियतकालिकात ब्रिजेट व्हॉनहोल्ट आणि मोनिक युडेल यांच्या गटाचा शोधनिबंध आला. त्यांनी १८ कुत्री आणि माणसांत वाढलेले १० लांडगे घेतले. झाकण लावलेल्या डब्यात खाणं ठेवलं, जवळ माणूस उभा केला. लांडगे डब्याशी झटत राहिले, कुत्री माणसाकडे बघत राहिली. मग जनुकं तपासली, तेव्हा कुत्र्यांच्या सहाव्या गुणसूत्रावर, माणसात विल्यम्स सिंड्रोमला कारण होणाऱ्या भागाशी जुळणाऱ्या जागी, फरक सापडले. त्यातली दोन जनुकं जीटीएफ२आय आणि जीटीएफ२आयआरडी१. लांडगेही माणसांतच वाढलेले होते, म्हणजे लळ्यात जन्मजात काहीतरी असतं हे मानावं लागतं. पण कुत्र्यात तुकडा गळालेला नाही. तिथं डीएनएचे उड्या मारणारे छोटे तुकडे मध्ये घुसून बसले आहेत. आणि ही जनुकं कुत्र्याची नव्हेत. ती तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत, उंदरातही आहेत. "जीन एकच" म्हणून लेकराला कुत्र्याचं म्हणणाऱ्यानं तो निबंध उघडूनही पाहिलेला नाही.

"आजार नसतो" हे वाक्य तर जिवावर उठणारं आहे. गळालेल्या तुकड्यातच इलॅस्टिनचं, म्हणजे रक्तवाहिन्या ताणू देणाऱ्या प्रथिनाचं, जनुक असतं. त्यामुळं रक्तवाहिन्यांना पुरेशी लवचीकता राहत नाही. बऱ्याच मुलांत हृदयातून निघणारी मोठी धमनी झडपेच्या जरा वर अरुंद होते, रक्तदाब वाढतो. भाच्याच्या हृदयाच्या ठोक्यात घरघर ऐकू आली, म्हणून टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला, मग फिश नावाच्या रक्ततपासणीत नाव कळलं. दर वर्षी एको चुकवून चालत नाही. भूल द्यायची वेळ आली, अगदी दातासाठीही, तर डॉक्टरांना आधी सांगावं लागतं, कारण या मुलांना भुलेत धोका जास्त. आणि कॅल्शियमचं टॉनिक! यातल्या काही मुलांच्या रक्तात कॅल्शियम आधीच वाढलेलं सापडतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅल्शियम नाही, ड जीवनसत्त्वाचे थेंबही नाहीत. मावशींनी, म्हणजे बहिणीच्या सासूनं, बाटली आणूनही ठेवली होती. वाईट मनानं नाही, नातवाच्या मायेनंच.

सदा सुखी असतात, हेही खरं नाही. तान्ह्या पोळ्याला भाचा लाकडी बैल घेऊन निघाला, डफडं वाजलं आणि दोन्ही कान दाबून तो खाली बसला. बैल तिथंच पडला. आवाज या मुलांना फार लागतो. आभाळ गडगडलं की रात्रभर विचारतो, पुन्हा वाजंल का. लाघवी असणं वेगळं, निर्धास्त असणं वेगळं. आणि कुणाच्याही मागं चालू लागणाऱ्या लेकरावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. शिकवूनही होतं: हात जोडून नमस्कार करायचा, मिठी घरच्यांनाच. त्याला ते हळूहळू जमतं आहे.

गावठी कुत्रा लांडगा, यावर फार लिहीत नाही. निदान १५,००० वर्षं कुत्रं माणसाजवळ आहे, आपल्या गोठ्यातलंही त्यातलंच. पिल्लू पहिल्या दोन-तीन महिन्यांत माणसांच्या हाताखाली वाढलं की माणसाळतं. रेबीजची लस मात्र कुठल्याही कुत्र्याला हवीच, काळूला टोचलेली आहे.

त्या काळूला जवायानं बुधवारी शेतात नेऊन कोठ्यापाशी बांधलं. भाचा फोनवर रोज विचारतो, "काळू कुठी गेला मामा?" मावशींशी काल बोललो, हे सगळं सांगितलं. बाटली त्यांनी दुकानात परत दिली. रविवारी मी काळूला घरी आणून सोडतो आणि सोमवारी जवाई आणि मी पोराला एकोसाठी नागपूरला घेऊन निघतो.