मंडप कोणाचा, पास कोणाला?

अमेरिकेत एखाद्या नेत्याच्या सभेला फक्त समर्थकांनाच सोडलं अशी बातमी आली की एक ठरलेलं उत्तर फिरू लागतं: "सभा पक्षाची, भाडं पक्षाचं, मग आत कोणाला घ्यायचं ते पक्षच ठरवणार. शिवाय हा सुरक्षेचा प्रश्न आहे. आणि सगळेच असं करतात." एका दमात तीन दावे. पहिला अर्धा खरा आहे, आणि त्याच्या आडोशानं उरलेले दोन खपून जातात.

"सभा पक्षाची." प्रचारसभेपुरतं हे बरोबर आहे. 1992 साली ओहायोतल्या स्ट्राँग्सव्हिलमध्ये तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुश यांच्या सभेला त्यांचे प्रतिस्पर्धी क्लिंटन यांचा बिल्ला लावून आलेल्या एका व्यक्तीला बिल्ल्यासह आत जाऊ दिलं नाही. मैदान गावाचं होतं, पण त्या दिवसाचा परवाना प्रचार समितीच्या नावे होता. 1996 मध्ये अपील न्यायालयानं समितीचं म्हणणं मान्य केलं: आपल्या सभेत विरोधी संदेश मिसळू द्यायला आयोजक बांधील नाही. त्यामुळे जुलै 2004 च्या अखेरीस न्यू मेक्सिकोतल्या रिओ रांचोला धाकट्या बुश यांचे उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या सभेच्या पासासाठी काही लोकांकडून 'बुश यांच्या फेरनिवडीला माझा पाठिंबा आहे' अशी सही घेतली, ते बेकायदा होतं असं छातीठोकपणे म्हणणारेही चुकतात. अर्थात त्या कागदावर खाली आणखी एक वाक्य होतं: सही केलीत म्हणजे समर्थक म्हणून तुमचं नाव वापरायला तुमची संमती आहे. गोंधळ घालणारे पास मिळवतील म्हणून ही खबरदारी, असं प्रचारयंत्रणेचं म्हणणं होतं. पण हुल्लडबाज अडवायला समर्थकांच्या यादीची काय गरज? बूथवर काम केलेला कुठलाही कार्यकर्ता सांगेल, ते वाक्य प्रचाराच्या कामाचं आहे, बंदोबस्ताच्या नाही.

पण हे उत्तर जिथं चिकटवलं जातं, त्यातल्या बऱ्याच सभा पक्षाच्या नसतातच. 21 मार्च 2005 ला डेन्व्हरच्या विमान संग्रहालयात धाकट्या बुश यांचा निवृत्तिवेतन योजनेवरचा कार्यक्रम झाला. निवडणूक संपून साडेचार महिने झाले होते आणि खर्च सरकारी तिजोरीतून होता. तिथून पास असलेल्या तिघांना बाहेर काढलं. ते ज्या गाडीतून आले तिच्या मागे 'तेलासाठी आणखी रक्त नको' अशा अर्थाचं स्टिकर होतं, एवढंच कारण. कपड्यांखाली त्यांनी निषेधाचे टी-शर्ट घातले होते हे खरं, पण ते कोणाला दाखवण्याआधीच त्यांना दार दाखवलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2010 मध्ये न्यायालयानं ते ऐकायला नकार दिला. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी मात्र असहमती नोंदवली: गाडीवरचं स्टिकर हे प्रवेश नाकारायला योग्य कारण आहे, असं कुठल्याही समजूतदार अधिकाऱ्याला कसं वाटू शकतं हेच त्यांना कळत नव्हतं.

4 जुलै 2004 ला वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनला तर एका जोडप्याला बुशविरोधी टी-शर्टसाठी थेट बेड्या पडल्या. कार्यक्रम स्वातंत्र्यदिनाचा आणि जागा राज्याच्या विधानभवनाचं आवार. आरोप नंतर मागे घेतले गेले आणि 2007 मध्ये सरकारनं तडजोडीत 80,000 डॉलर मोजले.

आता "सुरक्षा". याच खटल्यांच्या ओघात अध्यक्षांच्या दौऱ्यांची आगाऊ तयारी करणाऱ्यांसाठीची ऑक्टोबर 2002 ची मार्गदर्शिका बाहेर आली. बहुतेक पानं काळी केलेली, पण निदर्शकांवरचा भाग वाचता येतो. स्वयंसेवक मेटल डिटेक्टरच्या अलीकडे उभे करा, म्हणजे निदर्शक आत शिरण्याआधीच अडवता येतील. अंगावर घडी करून लपवलेले कापडी फलक तपासा. निदर्शनाची जागा शक्यतो सभेच्या ठिकाणाहून आणि ताफ्याच्या रस्त्यावरून दिसणार नाही अशी धरा. आत कोणी ओरडलंच तर आधीच नेमलेल्या टोळ्यांनी (कॉलेजची मुलं, स्थानिक खेळाडूंचे संघ चालतील) आपले फलक निदर्शक आणि पत्रकारांचा मंच यांच्या मधे धरायचे आणि 'यूएसए, यूएसए'च्या घोषणांनी आवाज बुडवायचा. धक्काबुक्की मात्र टाळायची. आणि निदर्शक माध्यमांना दिसणार-ऐकू येणार नसतील, कार्यक्रमातही अडथळा आणणार नसतील, तर? दुर्लक्ष करा.

हे शेवटचं पुन्हा वाचा. धोक्याचा माणूस कॅमेऱ्याला दिसत नाही म्हणून कोणी सोडून देत नाही. हत्यार शोधायचं काम मेटल डिटेक्टर करतो, आणि त्याला मत विचारावं लागत नाही. अलीकडे उभा असलेला स्वयंसेवक शोधतो ते संध्याकाळच्या बातम्यांत नको असलेलं दृश्य.

"सगळेच करतात." 2004 मध्येच बुश यांचे प्रतिस्पर्धी केरी यांच्या सभांत बुश समर्थक रबरी चपला हलवून 'फ्लिप-फ्लॉप' (या शब्दाचा अर्थ तशी चप्पलही आणि सतत भूमिका बदलणंही) ओरडत असत, म्हणजे ते आत किंवा निदान कानाच्या टप्प्यात होते. उलट जानेवारी 2016 मध्ये व्हर्माँटच्या बर्लिंग्टनला ट्रम्प यांच्या सभेत साधारण 1,400 खुर्च्यांच्या नाट्यगृहासाठी सुमारे 20,000 पास वाटले होते. दारात एकच प्रश्न, तुम्ही समर्थक आहात का? 'नाही' म्हणणारे परत गेले आणि 'अजून ठरवलं नाही' म्हणणारेही. मत न देणाऱ्यांची किंवा न ठरवलेल्यांची नव्हे, मी माझ्या माणसांची काळजी घेतोय, असं ट्रम्प यांनी उघड सांगितलं. निदान सुरक्षेचं सोंग तरी नव्हतं! पण ही चाळणी किती कच्ची ते पाहा: गोंधळ घालायलाच आलेला 'हो' म्हणून आत जातो, आणि ज्याचं मत वळवायला सभा भरवली तो प्रामाणिक माणूस थंडीत बाहेर राहतो.

गोंधळाला उपाय नाही असंही नाही. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127 आहे: निवडणुकीच्या काळात जाहीर सभा उधळायला गोंधळ घालणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते लागू होतं कृत्याला. टी-शर्टला किंवा गाडीच्या स्टिकरला नाही.

डेन्व्हरचा तो कार्यक्रम '60 दिवसांत 60 ठिकाणं' या दौऱ्यातला होता. ठिकठिकाणी निवडक श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. निवृत्तिवेतनातला काही भाग खासगी खात्यांत वळवायची ती योजना मात्र अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) सभागृहात मतदानापर्यंतही पोचली नाही.