विझला की रे

पाइप ओढणारा माणूस सदैव गहन विचारात असतो, अशी माझी फार दिवसांची समजूत होती. ती खरीच निघाली. फक्त तो विचार काडेपेटीत किती काड्या उरल्यात याचा असतो, हे स्वतः पाइप धरल्यावर कळलं.

सिगारेटचं बरं असतं. पेटवली, ओढली, चिरडली. पाइपमध्ये ओढणं सगळ्यात शेवटी येतं, आणि बरेचदा तिथवर गाडी पोचतच नाही. आधी तंबाखू मोकळी करायची. मग ती पाइपच्या वाटीत तीन थरांत भरायची. जुने जाणकार सांगतात, पहिला थर लहान मुलाच्या हाताने, दुसरा बाईच्या, तिसरा पुरुषाच्या. थोडक्यात, एक पाइप भरायला अख्खं कुटुंब कामाला लावायचं. त्यानंतरची पहिली काडी नुसती रंगीत तालीम. तिने वरचे धागे फुगून उठतात, ते टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दट्ट्याने, हलकेच दाबायचे आणि मग खरी काडी. तंबाखू ठासून भरली तर ओढता ओढता गालफडं आत जातात. सैल राहिली तर वाटी अशी तापते की पाइप या हातातून त्या हातात नाचवावा लागतो.

हे सगळं मी गॅलरीत, दार लोटून करत असे. चांगला बापाच्या वयाचा झालो तरी बापासमोर धूर सोडायला धीर होत नाही. एका संध्याकाळी दार उघडलं आणि बाबा समोर. आता काय ऐकावं लागणार म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी चष्मा वर सरकवला, वाटीत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "विझला की रे."

मग हात पुढे केला. "आण इकडे."

बाबांना कुठलीही वस्तू हाती लागली की आधी तिचं माहितीपत्रक लागतं. आठवड्याभरात ते माझे गुरू झाले. मी काही बोलावलं नव्हतं. पाइप ज्याचा करतात तो ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ, म्हणून ते लाकूड आच सोसतं, हे मला दात घासताना ऐकावं लागलं. मीअरशमचा पाइप दगडातून कोरतात, त्यातला नामांकित दगड तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिरचा. मुळात पांढराफटक, पण वर्षानुवर्षं ओढून त्याला तपकिरी झाक येते. "दगडालासुद्धा रंग येतो," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. बाबांचा पाइप विझत नाही. हा माणूस जन्मभर संथ. बाहेर निघायचं तर आम्ही सगळे चपला घालून दारात आणि हे अजून रुमालाची घडी घालतायत. त्या संथपणाने आम्ही इतकी वर्षं वैतागलो, तो या एका छंदात थेट पात्रता ठरला. मी झुरक्यावर झुरका मारतो. गरम वाफ थेट जिभेवर येते आणि जीभ सोलवटून निघते. दांडीत ओल साठते ती वेगळीच. पाणी यायच्या आधी नळ बोलतो तसा माझा पाइप बोलायला लागतो. बाबा एक झुरका घेतात, पेपरातला अग्रलेख वाचतात, मग दुसरा घेतात.

पाइप जास्तीत जास्त वेळ पेटता ठेवायच्या स्पर्धा जगात खरोखर होतात, हा शोधही त्यांचाच. 3 ग्रॅम तंबाखू, 2 काड्या, पेटवायला 1 मिनिट. त्यांनी ती घरीच भरवली. आईच्या स्वयंपाकघरातला काटा आणला, तंबाखू मोजली, काड्या समोर मांडल्या. माझ्या दोन्ही काड्या पहिल्याच मिनिटात खर्ची पडल्या. मी तिसरी मागितली.

"नियम म्हणजे नियम," बाबा दात न उघडता म्हणाले.

मी आत जाऊन अंघोळ करून आलो, तरी त्यांचा धूर चालूच.

आईचा प्रश्न साधा होता. "धूर छातीत घेत नाही म्हणता, मग करता कशाला?" याचं उत्तर आम्हा दोघांकडेही नाही. निकोटिन तोंडातूनही अंगात जातं आणि तोंडाचा कॅन्सर धूर कुठवर गेला हे विचारत बसत नाही, हे तिने आम्हाला जेवायला वाढता वाढता ऐकवलं आणि आठवड्यातून एकच दिवस, रविवार, असा हुकूम काढला. बाबांनी तो निमूटपणे मानला. मला मात्र बाजूला घेऊन गंभीरपणे समजावलं, "ब्रायरला दोन वेळांच्या मध्ये वाळायला विश्रांती द्यावीच लागते."

त्याच विश्रांतीच्या नावाखाली आता त्यांनी दुसरा पाइप घेतलाय. म्हणजे पहिला, जो मुळात माझा, तो मला परत मिळायला हवा. परवा मी तो नुसता उचलला आणि साफ करायला दांडी पिरगळणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"गरम असताना दांडी काढू नकोस, सांधा तडकतो."

"बाबा, अजून पेटवलाच नाहीये."

"तुझा कधी पेटला होता?"