मागे चिकट, पुढे चालतील ते?

स्पोर्ट्स कारवाल्यांमध्ये एक सल्ला सध्या हातोहात फिरतोय. ‘पुढच्या-मागच्या टायरची साइज मुळात वेगळीच असते, मग मॉडेल वेगळं असलं म्हणून काय बिघडलं? इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाते, तेव्हा मागे चिकट, महागडे टायर घाला. पुढे चालतील ते. उरलंसुरलं इलेक्ट्रॉनिक्स सांभाळून घेतं.’

साइजचं खरं आहे. ९९२ पिढीची पोर्शे ९११ कॅरेरा बघा : पुढे २३५ मिलिमीटर रुंदीचे १९ इंची टायर, मागे २९५चे २० इंची. पण हा फरक इंजिन मागे आहे हे धरून मुद्दाम ठेवलेला आहे आणि सस्पेन्शनही त्याच हिशेबाने जुळवलंय. साइज दोन, पण रबराचं कूळ एक. थंडीत दोन्हीकडचं सारखंच कडक होणार, पाण्यातही साधारण एकसारखंच वागणार. पोर्शे मान्यताप्राप्त टायरवर ‘एन’ची खूण घालून घेते आणि चारही चाकांना एकाच कंपनीचे, एकाच खुणेचे टायर ठेवा म्हणते. साइज वेगळी ठेवणाऱ्यांनाच मॉडेल एक हवंय, हे सल्ला देणाऱ्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

आता ‘मागे चिकट’. कोरड्या, तापलेल्या रस्त्यावर हे चालून जातं, कबूल. मागची पकड जास्त असली की आधी पुढची चाकं घसरतात, गाडी वळणात बाहेर पसरते, आपण पाय उचलतो आणि निभावतं. पण चिकट म्हणून जे टायर घेतले जातात ते बहुतेक ट्रॅककडे झुकलेले असतात. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट कप २वरून एकदा हात फिरवा. बाहेरच्या खांद्याला, म्हणजे कडेला, रबराचा रुंद, जवळजवळ सपाट पट्टा लागतो. पाणी बाहेर काढणाऱ्या खाचा कमी. शिवाय हे रबर तापल्याशिवाय खरी पकड देत नाही.

आता पाऊस आणि पाणी साचलेलं वळण. पुढचे साधे टायर पाणी कापतात, गाडी आत वळते, स्टेअरिंग हाताला भरीव लागतं. म्हणजे धोक्याची खूण जिथून मिळायची तिथून ‘सगळं ठीक’ असा निरोप येतो. मागचे टायर रुंद, म्हणजे पाण्यावर तरंगायला आधीच तयार, त्यात खाचा कमी. पुढच्या चाकांनी मोकळी केलेली वाट त्यांच्या कामी येईल म्हणावं, तर ती वाट अरुंद, आणि वळणात मागची चाकं तिच्यावरून जातही नाहीत. गाडीचा मागचा भाग बाहेर निघतो. उन्हात ज्या जोडीने अंडरस्टिअर दिलं, म्हणजे पुढची चाकं आधी घसरवली, तीच पावसात ओव्हरस्टिअर देते, म्हणजे मागची आधी घसरवते. पकड कमी असली तर माणूस हळू चालवतो. गाडीचा तोलच हवामानाबरोबर उलटत असेल तर सवय कशाची करायची?

‘रस्त्यावर पकडीच्या लिमिटपर्यंत जातं कोण?’ हा ठरलेला प्रश्न. फरक लिमिटच्या बराच अलीकडे कळतो. वळताना चाक रोखलेल्या दिशेत आणि टायर प्रत्यक्ष जातो त्या दिशेत थोडा कोन पडतो, त्यातूनच वळवणारा जोर तयार होतो. कडक साइडवॉलचा, म्हणजे बाजूची भिंत कडक असलेला टायर थोड्याच कोनात तो जोर देतो, मऊ टायरला जास्त कोन लागतो. पुढे कडक आणि मागे मऊ बसले, तर झटकन लेन बदलताना नाक लगेच वळतं आणि मागचा भाग क्षणभर रेंगाळून मग झोका घेतो.

इलेक्ट्रॉनिक्स एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करू बघतं. पण तो ब्रेकही टायरच्याच पकडीवर लागतो. पाण्यावर तरंगणाऱ्या चाकाला ब्रेक लावून काय साधणार? फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर आणखी एक त्रास : छापील साइज तीच असूनही दोन मॉडेल्सचा प्रत्यक्ष घेर थोडा वेगळा निघू शकतो, आणि तो फरक पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या क्लचला सतत पचवावा लागतो.

मागचे टायर आधी गोटा होतात, दर वेळी चारही बदलणं जिवावर येतं, हे मान्य. तेव्हा मागे त्याच मॉडेलची नवी जोडी घाला. ते बंद झालं असेल तर त्याच कंपनीची, त्याच वर्गातली पुढची पिढी मागे घालून पुढचे झिजेपर्यंत दिवस काढता येतात. फक्त पुढच्यांच्या नक्षीची खोली आधी मोजा. ती २ मिलिमीटरवर आली असेल तर चारही एकदमच बदला.