टक्क्यांत न मावणारी तीव्रता
सोरायसिस या त्वचाविकाराची तीव्रता व्यापलेल्या त्वचेच्या टक्केवारीवरूनच ठरते, हे लेखातील विधान अपुरे वाटते. ‘पासी’ या तीव्रता मोजण्याच्या ७२ पर्यंतच्या गुणांकात व्याप्तीबरोबरच लाली, जाडी आणि पापुद्रे यांनाही प्रत्येकी ० ते ४ गुण असतात. शिवाय सावळ्या त्वचेवर लाली जांभळट दिसत असल्याने ती कमी मोजली जाण्याचा धोका असतोच. आमच्याकडे नाशिक जिल्ह्यात, पिंपळगावच्या बाजूला द्राक्षांची विरळणी करणाऱ्या एका काकूंच्या केवळ तळहातांना सोरायसिसच्या भेगा आहेत. बोटांसह एक तळहात म्हणजे शरीराच्या त्वचेचा साधारण एक टक्का, या हिशेबाने दोन टक्केही भरत नाहीत, पण ऐन हंगामात त्यांना कात्री धरवत नाही. नखांवर आणि सांध्यांवरही परिणाम झाला आहे का, हे न तपासता तर ‘सौम्य’ असा शेरा मारूच नये.