‘मायक्रोकर्नल तर एवढासाच असतो’ या आक्षेपाबाबत

महोदय,

आमचा मायक्रोकर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा अगदी लहान गाभा, एक्स८६ (नेहमीच्या पीसीतल्या प्रोसेसरांचे आर्किटेक्चर) वरून रिस्क-फाइव्ह या खुल्या आर्किटेक्चरच्या प्रोसेसरवर नेण्याच्या कामाविषयी मी लिहिले, त्यावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. मायक्रोकर्नल काही हजार ओळींचाच असतो आणि ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे प्रोग्रॅम), फाइल सिस्टिम वगैरे सारे त्याच्या बाहेर असते, तर एवढासा भाग बदलायला चार जणांना आठ महिने का लागले, हा पहिला. ड्रायव्हरांना हात लावावा लागत नाही असे लिहून पुढे मीच सिरियल पोर्टच्या ड्रायव्हरवर झालेल्या कामाचे वर्णन केले, हा दुसरा. रिस्क-फाइव्हवर लिनक्स उत्तम चालत असताना हा खटाटोप कशासाठी, हा तिसरा. दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे.

ड्रायव्हर स्वतंत्र प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) म्हणून चालतो, याचा अर्थ तो प्रोसेसरपासून स्वतंत्र असतो असा होत नाही, आणि माझ्या वाक्यातून नेमका तोच अर्थ निघत होता. एक्स८६ वर सिरियल पोर्टशी बोलायला ‘इन’ आणि ‘आउट’ या खास सूचना आहेत. रिस्क-फाइव्हमध्ये तशा सूचनाच नाहीत. उपकरणाची रजिस्टरे मेमरीच्या पत्त्यांवर बसवलेली असतात आणि साध्या लोड-स्टोअरने वाचली-लिहिली जातात. म्हणजे सिरियल पोर्टची १६५५० जातीची तीच चिप, तिची तीच रजिस्टरे, पण तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट वेगळी. शिवाय कोणते उपकरण कुठल्या पत्त्यावर आहे हे आमच्या बोर्डवर डिव्हाइस ट्री या उपकरणांच्या वर्णनामधून कळते, आणि ते वाचणारा भाग आमच्याकडे नव्हताच. ते वाक्य मी दुरुस्त केले आहे.

पहिल्या आक्षेपाशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. मायक्रोकर्नल लहान असतो तो बाहेर काढता येण्यासारखे सारे काही बाहेर काढल्यामुळे. आणि जे बाहेर काढता येत नाही, म्हणजे पेज टेबल (मेमरीचे कोणते पान कुठे आहे याचा तक्ता), ट्रॅप (प्रोग्रॅम थांबवून कर्नलकडे जाणे), एका प्रोसेसवरून दुसरीवर जाणे, प्रोसेसमधील संदेशांची देवाणघेवाण, ते जवळजवळ सगळे थेट यंत्राला चिकटलेले असते. एल४ या मायक्रोकर्नलचे जनक योखेन लीडत्के यांनी १९९५ मध्येच असे मांडले होते की मायक्रोकर्नल स्वभावतःच पोर्टेबल, म्हणजे एका प्रोसेसरवरून दुसऱ्यावर सहज नेता येण्याजोगा, नसतो. ४८६ आणि पेंटियम या एकमेकांशी सुसंगत प्रोसेसरांसाठीसुद्धा त्याची रचना वेगळी असावी लागते. त्यांचे म्हणणे पुढे इतक्या टोकाने खरे ठरले नाही, कारण त्याच परंपरेतला एसईएल४ आज एआरएम, एक्स८६ आणि रिस्क-फाइव्ह या तिन्हींवर चालतो. पण त्याच एसईएल४ चे उदाहरण ओळी मोजण्याच्या हिशेबाविरुद्धही जाते: सुमारे ८,७०० ओळी सी आणि ६०० ओळी असेंब्ली एवढ्या या कर्नलच्या अचूकतेची गणिती सिद्धता एआरएमसाठी २००९ मध्ये झाली, आणि रिस्क-फाइव्हसाठी ती पूर्ण व्हायला २०२० उजाडले.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्निंगची कामे करत. जॉबचे ड्रॉइंग तेच असले तरी तो दुसऱ्या मशीनवर घ्यायचा म्हटले की फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारी जोडणी) नव्याने करावे लागे आणि बहुतेक वेळ त्यातच जाई. फिक्स्चरचे वजन करून त्याची मजुरी कोणी ठरवत नसे.

आठ महिन्यांपैकी साडेतीन आठवडे कुठे गेले ते सांगतो, म्हणजे माझे म्हणणे स्पष्ट होईल. क्यूएमू या इम्युलेटरवर, म्हणजे हार्डवेअरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सारे नीट चाललेले होते. प्रत्यक्ष बोर्डवर पहिली प्रोसेस सुरू होई, दुसरी सुरू करताच सिरियल केबलवरून काहीच येईनासे होई. कर्नल कोसळलेला नव्हता. दुसरी प्रोसेस आपली पहिलीच सूचना वाचायला जाई आणि कारण दाखवणाऱ्या रजिस्टरात १२, म्हणजे सूचना वाचताना झालेला पेज फॉल्ट (मेमरीचे पान वापरता न आल्याची तक्रार), उमटे. मायक्रोकर्नलच्या रीतीप्रमाणे कर्नल त्याचा संदेश पेजरला, म्हणजे मेमरीची पाने जोडून देणाऱ्या प्रोसेसला, पाठवी. पेजर पाही तो पान आधीच जोडलेले, म्हणून ‘झाले’ असे उत्तर देई. कर्नल प्रोसेस पुढे सोडी आणि पुन्हा तोच फॉल्ट येई. दोन निर्दोष प्रोसेस एकमेकींना अखंड उत्तरे देत होत्या आणि बाहेर केवळ शांतता होती.

शेवटी पेज टेबलातली ती एक नोंद छापून पाहिली. तिचे खालचे आठ बिट षोडशमानात १बी होते: वैध, वाचनीय, चालवण्याजोगे, वापरकर्त्याचे, सगळे जागेवर. हवे होते ५बी. फरक एका ‘अ‍ॅक्सेस्ड’ बिटाचा. एक्स८६ वर पानाला प्रथम हात लागताच हा बिट हार्डवेअर स्वतः लावते. रिस्क-फाइव्हचे विनिर्देश दोन्ही मार्ग मान्य करतात: हार्डवेअरने तो लावावा, किंवा फॉल्ट देऊन ते काम सॉफ्टवेअरवर सोडावे. क्यूएमू पहिल्या मार्गाने जात होता, आमचा बोर्ड दुसऱ्या. पहिली प्रोसेस यातून बचावली, कारण तिची पाने बूटच्या असेंब्लीत हाताने जोडलेली होती आणि तिथे आम्ही तो बिट दिला होता. चूक होती ती पाने जोडणाऱ्या सामाईक फंक्शनमध्ये, ज्याला आम्ही इतकी वर्षे ‘प्रोसेसरशी संबंध नसलेला भाग’ म्हणत आलो. दुरुस्ती एका ओळीची झाली. आपल्या हिशेबाने तिचे मोल एक ओळ एवढेच धरावे लागेल.

अशीच गृहीते आणखी निघाली. लोड केलेला नवा कोड चालवण्याआधी ‘फेन्स.आय’ (प्रोसेसरला नवा कोड दिसेल याची खात्री करणारी सूचना) द्यावे लागते, हे एक्स८६ ने आम्हाला कधी शिकवलेच नाही. मेमरीतील लिखाणाचा क्रम एक्स८६ बराच कडक पाळतो. रिस्क-फाइव्ह तशी हमी देत नाही, त्यामुळे ड्रायव्हर आणि सर्व्हर यांच्यातील सामाईक रांगेत जिथे अडथळा सूचना (लिखाणाचा क्रम पाळायला लावणाऱ्या ‘फेन्स’) हव्या होत्या तिथे त्या कधीच नव्हत्या, हे दुसरा कोर चालू केल्यावर उघड झाले.

लिनक्सबद्दल: २०१८ च्या जानेवारीत आलेल्या ४.१५ पासून मूळ लिनक्समध्ये रिस्क-फाइव्हचा आधार आहे, आणि ज्याला बोर्डवर काम उरकायचे आहे त्याने तेच वापरावे. पण आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे आपल्या देशात घडलेले प्रोसेसर याच आर्किटेक्चरचे आहेत, आणि त्यांच्यासाठी खालच्या थराचे काम करू शकणारी मुले कोल्हापुरातही तयार व्हावीत, असे मला मनापासून वाटते. पूर्ण वाचता येईल एवढ्या आकाराचा कर्नल हाताशी असेल तर आमच्याकडे येणारा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ट्रॅपपासून पेजरपर्यंतची वाट एका रविवारी बोट ठेवून दाखवू शकतो.

सामाईक रांगेचे काम अजून पुरे झालेले नाही. सध्या आम्ही प्रत्येक लिखाणानंतर सरसकट पूर्ण ‘फेन्स’ देतो. ते बरोबर असले तरी मंद आहे. नेमकी कुठली फेन्स काढता येईल हे आपण कोड पाहून सुचवलेत, तर मी ते बोर्डवर तपासून कळवीन.